"आपल्यातलाच आहे" म्हणून चेक फाडण्याआधी: चर्चच्या ओळखीतून आलेली गुंतवणूक कशी तपासावी

वसईपासून सावंतवाडीपर्यंतच्या ख्रिस्ती वस्त्यांमध्ये मोठा पैसा सहसा एकदम हातात येतो. विकलेली वाडी, महामार्गात गेलेल्या जमिनीचा मोबदला, आखातातून कायमचं परतताना मिळालेला हिशेब, बोटीवरच्या नोकरीची शेवटची रक्कम, निवृत्त शिक्षिकेची ग्रॅच्युइटी. ही बातमी गावाला बँकेच्या आधी कळते. मग डिसेंबर-जानेवारीत, नाताळ, लग्नं आणि फेस्तांच्या, म्हणजे चर्चच्या सणांच्या दिवसांत, मिस्सा सुटल्यावर कुणीतरी खांद्यावर हात ठेवून म्हणतं, "बँकेत ठेवून काय मिळणार? आमच्याकडे महिन्याला पाच टक्के सुटतात. आपलीच माणसं आहेत."

असं म्हणणारा माणूस गायनमंडळात असतो, प्रार्थना गट चालवतो, कुणाच्या मयताला पहिला धावून येतो. हे सगळं खरंच असतं. आपला त्याच्यावरचा विश्वासही चुकीचा नसतो, फक्त तो दुसऱ्याच गोष्टीसाठी कमावलेला असतो. खांदा द्यायला येणाऱ्या माणसाकडे लोकांच्या ठेवी घेण्याचा परवाना आहे की नाही, हे कागदावरूनच कळतं. आणि नेमका तो कागद मागायला आपल्याला लाज वाटते, कारण मागणं म्हणजे संशय घेणं असं वाटतं. या फसवणुकीचं सगळं यंत्र त्या लाजेवर चालतं.

हा प्रकार आपल्याकडे उगवलेला नाही. 1920 साली बोस्टनमध्ये चार्ल्स पाँझीने आपल्याच इटालियन स्थलांतरितांकडून पैसे गोळा केले. फ्लोरिडातल्या टँपा इथल्या ग्रेटर मिनिस्ट्रीज या संस्थेने लूकच्या शुभवर्तमानातल्या 6:38 या वचनाचा आधार देत पैसे दुप्पट करून देण्याचं आश्वासन दिलं. तिचा प्रमुख जेराल्ड पेन याला 2001 मध्ये 27 वर्षांची शिक्षा झाली. न्यू एरा नावाच्या प्रतिष्ठानाने चर्च आणि धर्मादाय संस्थांना सांगितलं होतं, की गुप्त दाते तुमच्या रकमेइतकीच भर घालतील. 1995 मध्ये ते कोसळलं तेव्हा कळलं, की दाते नव्हतेच. फसणाऱ्यांत हिशेब ठेवण्याचा अनुभव असलेल्या संस्था होत्या, त्यामुळे "शिकलेला माणूस फसत नाही" हे आधीच डोक्यातून काढा.

"वर्षभर नियमित आले की!"

पुरावा म्हणून सगळ्यात जास्त वेळा हेच वाक्य पुढे येतं, म्हणून आकडेमोड एकदा नीट मांडून बघू. वीस कुटुंबांनी प्रत्येकी 5 लाख दिले, तर एकूण 1 कोटी जमले. महिन्याला पाच टक्के म्हणजे 5 लाख वाटायचे. माणसं आणणाऱ्यांचं कमिशन 5 लाख धरा. उरले 95 लाख. कसलाही धंदा न करता, एकही नवा माणूस न आणता, यातून 19 महिने वेळेवर "नफा" देता येतो. मालकाने गाडी आणि फ्लॅटसाठी 25 लाख उचलले, तरी 14 महिने निघतात. म्हणजे वर्षभर पैसे आले यातून इतकंच कळतं, की तुमचे पैसे अजून पुरते संपलेले नाहीत. दरम्यान त्या वीस जणांपैकी निम्म्यांनी मेहुण्याला, विहिणीला आणि शेजाऱ्याला आणलं, की मुदत आणखी लांबते.

म्हणूनच "आधी 10 हजार टाकून बघू" या परीक्षेला काही अर्थ नाही. लहान रक्कम परत मिळणं हा फसवणुकीचाच पहिला टप्पा आहे. परीक्षा घ्यायचीच असेल, तर मुद्दल मागा, तेही सगळं आणि लेखी. टाळाटाळ, "मुदतीआधी काढलं तर 30 टक्के कापू", "दुसरा माणूस आणा, त्याचे तुम्हाला देतो" अशी उत्तरं आली, तर परीक्षा झाली असं समजा.

एक आकडा मात्र पाठ असू द्या: 12.5. ठेवी स्वीकारण्याची परवानगी असलेल्या बिगर बँकिंग वित्त कंपनीलासुद्धा रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार वर्षाला 12.5 टक्क्यांहून अधिक व्याज देता येत नाही, आणि ठेवीची मुदत 12 ते 60 महिन्यांच्या बाहेर जात नाही. महिन्याला पाच टक्के म्हणजे वर्षाला 60. "दहा महिन्यांत दुप्पट" म्हणजे महिन्याला सुमारे 7.2 टक्के. हे दर कुणी "निश्चित" म्हणून लिहून देत असेल, तर पुढची चौकशी करायची गरजच नाही.

आधी एक वाक्य लिहून काढा

वहीत लिहा: पैसे *कोण* घेतो, *कुठल्या खात्यात* जातात, *कशासाठी* वापरले जातात, *कुठला कागद* मिळतो, *कधी* परत येतात. पाचांपैकी एकही जागा रिकामी राहिली तर तिथेच थांबा. बहुतेक योजना दुसऱ्या प्रश्नालाच अडखळतात. कंपनीचं नाव एक, क्यूआर कोड भलत्याच माणसाच्या नावाचा, आणि वर "जीएसटी वाचावा म्हणून" असं कारण. रोख मागत असतील तर ते आणखी वाईट. ₹20,000 किंवा त्याहून मोठी ठेव रोखीत घेणं आयकर कायद्याला मान्य नाही आणि रोखीचा माग नंतर पोलिसांनाही काढता येत नाही.

त्यानंतर योजना कुठल्या जातीची आहे ते ठरवा, कारण प्रत्येकीचं दार वेगळं.

*शेअर बाजार, "ट्रेडिंग", सल्ला.* इथे सेबीची, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेची नोंदणी लागते. गुंतवणूक सल्लागाराचा क्रमांक आयएनए, संशोधन विश्लेषकाचा आयएनएच आणि दलालाचा आयएनझेड या अक्षरांनी सुरू होतो. क्रमांक कार्डावर छापलाय म्हणून पुरत नाही. सेबीच्या संकेतस्थळावर तो टाकून नाव, पत्ता आणि फोन जुळतो का ते बघा, कारण खऱ्या नोंदणीधारकाचा क्रमांक चोरून वापरणं ही नेहमीची युक्ती आहे. नोंदणीकृत सल्लागारालाही निश्चित परताव्याची हमी देता येत नाही. "पैसे द्या, मी तुमच्या वतीने ट्रेड करतो" म्हणणाऱ्याला पोर्टफोलिओ व्यवस्थापकाची नोंदणी लागते, आणि त्यात किमान रक्कमच 50 लाख आहे. तुमच्याकडून 2 लाख घेणारा त्यात बसतच नाही. ऑक्टोबर 2025 पासून सेबीने नोंदणीकृत मध्यस्थांसाठी 'व्हॅलिड' शब्द असलेले खास यूपीआय पत्ते आणले आहेत. पैसे पाठवण्याआधी तो पत्ता 'सेबी चेक' सुविधेत तपासता येतो.

चर्चमधला म्युच्युअल फंड वितरक उगाच संशयात येऊ नये, म्हणून हेही सांगायला हवं: त्याच्याकडे एआरएन, म्हणजे फंड वितरकाचा नोंदणी क्रमांक असतो, चेक फंडाच्या नावाने जातो, फंडातल्या तुमच्या खात्याचा फोलिओ क्रमांक मिळतो आणि तुमच्या पॅनवरच्या एकत्रित खाते विवरणात ती गुंतवणूक दिसते. वितरकाच्या मध्यस्थीशिवाय हे विवरण मागवा. त्यात रक्कम दिसली तर माणूस सरळ आहे.

*ठेव, "बिझनेस लोन", "पार्टनरशिप".* नाव काहीही असो, लोकांकडून पैसे घेऊन ठरावीक परतावा देणं म्हणजे ठेव. रिझर्व्ह बँकेच्या 'सचेत' पोर्टलवर संस्थेला ठेवी घेण्याची परवानगी आहे का ते बघता येतं आणि तिथेच तक्रारही करता येते.

*पतसंस्था.* आपल्याकडे अनेक पतसंस्था पिढ्यानपिढ्या उत्तम चालल्या आहेत, पण पतसंस्था म्हणजे बँक नव्हे हे पुन्हा पुन्हा विसरलं जातं. सहकारी बँकेतल्या ठेवीला प्रति ठेवीदार 5 लाखांपर्यंत ठेव विमा आहे, पतसंस्थेतल्या ठेवीला तो नाही. पतसंस्थेने ठेव फक्त सभासदाकडूनच घ्यायची असते. नोंदणी क्रमांक, मागच्या लेखापरीक्षणाचा वर्ग आणि वार्षिक सभेचा अहवाल मागा. सभासदाला हिशेब बघण्याचा हक्क आहे. दुसऱ्या राज्यात नोंदलेली बहुराज्यीय संस्था तालुक्याच्या बाजारपेठेत अचानक शाखा उघडून एक-दोन टक्के जास्त देऊ लागली, तर तिचं नाव सहकारी संस्थांच्या केंद्रीय निबंधकाच्या यादीत शोधा.

*भिशी.* वीस जणींनी दरमहा 5 हजार काढून एकीला 1 लाख द्यायचे, ही भिशी घराघरात चालते. लिलाव आणि कमिशन असलेली चिट मात्र 1982 च्या कायद्याखाली नोंदवावी लागते आणि चालकाचं कमिशन सात टक्क्यांच्या वर जाऊ शकत नाही. घरगुती भिशी नेमकी कुठे नासते ते सांगतो. "तुझा नंबर लागला, पण पैसे माझ्याकडेच ठेव, महिन्याला दोन टक्के देते," असं चालिकेने म्हटलं, की त्या क्षणी भिशी संपली आणि ठेव सुरू झाली. चालिका बहुतेक वेळा भली बाई असते. तिने ते पैसे पुढे कुणालातरी चार टक्क्यांनी दिलेले असतात, आणि बुडाल्यावर वस्तीत तोंड लपवायची वेळ तिच्यावरच येते.

*झाडं, बागा, प्लॉट.* कोकणातला हा खास प्रकार. "हापूसची दहा झाडं तुमच्या नावावर, राखण आम्ही करू, उत्पन्न तुम्हाला." अनेकांचे पैसे एकत्र घेऊन, व्यवस्थापन त्यांच्या हातात न देता परतावा द्यायचा, याला कायद्यात सामूहिक गुंतवणूक योजना म्हणतात आणि तिला सेबीची नोंदणी लागते. पीएसीएल या कंपनीने शेतजमिनीच्या नावावर असाच पैसा उचलला आणि 2014 मध्ये सेबीने तिला 49,100 कोटी परत करायला सांगितलं. प्लॉट असेल तर सातबारा आणि फेरफार स्वतः ऑनलाइन काढा, विक्रेत्याने दिलेली झेरॉक्स नको. अकृषिक आदेश बघा. 500 चौरस मीटरपेक्षा मोठ्या जागेवर प्लॉट पाडून विकायचे तर महारेराचा, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामकाचा क्रमांक लागतो. शिवाय महाराष्ट्रात शेतजमीन सर्वसाधारणपणे शेतकऱ्यालाच विकत घेता येते, त्यामुळे "नंतर नावावर करून देऊ" या वाक्यातला 'नंतर' कधी येतच नाही.

भिंतीवरच्या फ्रेमा

ऑफिसात काचेत लावलेले कागद बघून माणूस निम्मा विरघळतो. कंपनी नोंदणीचा दाखला म्हणजे कंपनी जन्मली इतकंच. जीएसटी क्रमांक कर भरण्यासाठी असतो. उद्यम प्रमाणपत्र, म्हणजे लघुउद्योगाची नोंदणी, मालकाच्या स्वतःच्या घोषणेवर मिळतं. दुकान परवाना दुकानापुरता. लोकांचे पैसे घेण्याची परवानगी यातल्या एकानेही मिळत नाही. ₹500 च्या मुद्रांकावर केलेला आणि नोटरी केलेला करार सही खरी असल्याचं सांगतो, व्यवहार कायदेशीर असल्याचं नाही.

पुढच्या तारखेचा चेक बरा, पण त्यात तीन ठिकाणी पाय घसरतो. चेकवर कंपनीऐवजी एखाद्या पुतण्याची सही असते, खातं आधीच बंद असतं, किंवा वटवायला तीन महिन्यांहून उशीर होतो. चेक परत आला तर बँकेचा मेमो मिळाल्यापासून 30 दिवसांत लेखी नोटीस, नोटीस पोचल्यावर समोरच्याला 15 दिवस, आणि ते उलटल्यावर एका महिन्याच्या आत न्यायालयात तक्रार. "फेस्त होऊ दे, मग बघू" म्हणत या तारखा सर्रास चुकवल्या जातात.

फादरांचं नाव आलं तर

"फादरांना माहीत आहे" आणि "फादरांच्या भावानेही टाकलेत" ही दोन वाक्यं दहा कागदांचं काम करतात. कॅथलिक चर्चच्या 1983 च्या कॅनन कायद्यातलं, म्हणजे धर्मनियमांतलं कलम 285 सांगतं, की धर्मगुरूने आपल्या वरिष्ठाच्या परवानगीशिवाय प्रापंचिकांच्या मालमत्तेचं व्यवस्थापन अंगावर घेऊ नये, आणि वरिष्ठाशी सल्लामसलत न करता स्वतःच्या मालमत्तेवरही कुणाला जामीन राहू नये. कलम 286 त्याला धंदा-व्यापार करण्यापासून रोखतं. तेव्हा कॅथलिक चर्चमध्ये "फादर हमी देतात" असं कुणी म्हणालं, तर बहुधा एक तर ते खोटं आहे किंवा फादर नियम मोडत आहेत. सरळ पॅरिशच्या कार्यालयात जाऊन विचारा. बहुतेकदा कळतं, की ऑफिसच्या उद्घाटनाला आशीर्वाद द्यायला बोलावलं होतं, तेवढाच फोटो. स्वतंत्र प्रार्थनासभांना हे कलम लागू नाही. तिथे पास्टरच योजना सांगत असेल, तर तपासणी दुप्पट कडक हवी.

पॅरिश कौन्सिल आणि वित्त समितीने तीन गोष्टी ठरावात लिहून ठेवाव्यात. वेदीवरून, सूचनाफलकावरून किंवा चर्चच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरून कुठल्याही गुंतवणुकीची जाहिरात होणार नाही. हॉल भाड्याने देताना अर्जात कार्यक्रमाचा हेतू लिहावा लागेल, कारण "आर्थिक साक्षरता शिबिर" या नावाखाली खूप काही खपतं. आणि ट्रस्टचा, मयत फंडाचा, सणाच्या वर्गणीचा एकही रुपया खासगी योजनेत जाणार नाही. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याचं कलम 35 तशी मोकळीक देतच नाही. तो पैसा बँक, पोस्ट आणि सरकारी रोखे अशा ठरलेल्या ठिकाणीच राहतो. मयत फंड एकदा अशा योजनेत गेला, की सगळ्या वस्तीला वाटतं तपासणी झालेलीच असणार.

विचारायचं कसं

इथेच गाडी अडते, म्हणून शब्दच देतो. "अंकल, शंका तुमच्यावर नाही. आमच्या घरात रीत आहे, कागद आठ दिवस घरात राहिल्याशिवाय चेक फाडायचा नाही, आणि तो आमच्या चर्चबाहेरच्या एका माणसाला दाखवायचा." ही रीत आधीच, कुठलीही योजना दारात नसताना, घरात बोलून ठेवा. मग ती कुणा एकाला उद्देशून राहत नाही. बाहेरचा माणूस म्हणजे बँकेतला ओळखीचा अधिकारी, शाळेतले निवृत्त सर, दुसऱ्या गावचा सीए, ज्याला या योजनेतून दमडी मिळणार नाही असा कुणीही. सरळ व्यवहार करणारा आठ दिवस थांबतो. "ऑफर रविवारपर्यंतच" म्हणणारा थांबू शकत नाही.

समोरचा बहुतेक वेळा लबाड नसतो, त्याचेही पैसे त्यात अडकलेले असतात. पण कमिशन घेऊन माणसं आणणाऱ्यालाही कायदा सोडत नाही. 2019 च्या अनियंत्रित ठेव योजना बंदी कायद्यात अशा योजनेसाठी लोकांना गळ घालण्यालाच एक ते पाच वर्षांची कैद आणि 10 लाखांपर्यंतचा दंड आहे, पैसे प्रत्यक्ष बुडाले नसले तरी. हे त्या अंकलना प्रेमाने सांगा. त्यांचंही भलं होईल.

पैसे अडकले तर

पैसे ऑनलाइन गेले असतील आणि घटना ताजी असेल, तर आधी 1930 वर फोन करा. पहिल्या काही तासांत पुढच्या खात्यातली रक्कम गोठवता येण्याची शक्यता सर्वात जास्त असते. मग राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा आणि आपल्या बँकेला लेखी कळवा.

जुनी योजना कोसळत असेल तर घाईपेक्षा नीटनेटकेपणा महत्त्वाचा. एका कागदावर तक्ता करा: तारीख, रक्कम, कशी दिली, कुठल्या खात्यात, व्यवहार क्रमांक, परत किती आले. व्हॉट्सअॅप ग्रुप सोडू नका. त्यातलं संभाषण निर्यात करून दुसऱ्या ठिकाणी ठेवा, कारण अॅडमिन ग्रुप पुसतो. मूळ पावती कुणाच्याही हातात देऊ नका. "नवीन योजनेत वळवायला पावती जमा करा" हा ठेवीदाराच्या हातातला पुरावा काढून घेण्याचा मार्ग आहे. पीएसीएलच्या परताव्यासाठी सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने 2016 मध्ये न्यायमूर्ती लोढा समिती नेमली गेली, तेव्हा दाव्यासाठी प्रमाणपत्रंच लागली.

तक्रार जवळच्या पोलीस ठाण्यात द्या. मोठ्या रकमेचं प्रकरण आर्थिक गुन्हे शाखेकडे जातं. वसईला पोलीस आयुक्तालय आहे, रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात जिल्हा पोलीस अधीक्षकांचं कार्यालय. ठाण्याने नोंद घ्यायला नकार दिला, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 नुसार तोच अर्ज टपालाने अधीक्षकांकडे पाठवता येतो. तक्रारीत फसवणूक आणि विश्वासघाताच्या कलमांबरोबर महाराष्ट्राचा 1999 चा ठेवीदार हितसंरक्षण कायदा, म्हणजे एमपीआयडी, लावण्याची मागणी स्पष्ट लिहा. फरक मोठा आहे. नुसत्या फसवणुकीच्या खटल्यात आरोपीला शिक्षा होऊ शकते. एमपीआयडीखाली त्याची मालमत्ता जप्त होते, ती उपजिल्हाधिकारी किंवा वरच्या दर्जाच्या सक्षम प्राधिकाऱ्याच्या ताब्यात जाते आणि विकून ठेवीदारांना वाटता येते. म्हणून त्याचे फ्लॅट, बागा, गाड्या, बायकोच्या नावावरची जमीन, जे गावाला माहीत आहे ते सगळं तक्रारीसोबत लिहून द्या. ही माहिती पोलिसांपेक्षा वस्तीकडे जास्त असते.

एकेकट्याने जाण्यापेक्षा दहा-पंधरा जणांनी मिळून जाणं बरं. पण एकत्र येईपर्यंत वाट बघू नका. "केस केली तर सगळ्यांचेच बुडतील, फादर मध्ये पडून मिटवतील," हे वाक्य महिनोन् महिने खातं, आणि तेवढ्यात मालमत्ता हस्तांतरित होते. दिवाणी वसुलीची मुदत साधारण तीन वर्षांची असते. समोरचा वेळ मागत असेल, तर मुदत उलटण्याआधी त्याच्याकडून देणं मान्य असल्याचं सही-तारखेसह लिहून घ्या. त्या तारखेपासून मुदत नव्याने मोजली जाते.

त्यानंतर दुसरी टोळी येते. "आम्ही सेबीतून बोलतोय, तुमचा दावा मंजूर झालाय, 8 हजार प्रक्रिया शुल्क भरा." फसलेल्यांच्या याद्या विकल्या जातात, त्यामुळे त्यांना रक्कमसुद्धा अचूक माहीत असते. परतावा देण्यासाठी कुठलीही सरकारी समिती आगाऊ शुल्क मागत नाही.

ही प्रकरणं वर्षानुवर्षं चालतात आणि ठेवीदारांत वयस्कर माणसं जास्त असतात. त्यामुळे मूळ पावत्या, तक्ता, एफआयआरची प्रत आणि बँक विवरण एकाच फाइलमध्ये ठेवा, फाइलच्या आतल्या बाजूला गुन्हा क्रमांक आणि ठाण्याचं नाव लिहा, आणि ती कुठल्या कपाटात आहे हे मुलांना सांगून ठेवा, आखातात असलेल्यालाही. ठेवीदार वारल्यास दावा वारसांना चालवता येतो. त्यासाठी मृत्यूचा दाखला आणि वारस असल्याचा पुरावा लागतो. पावतीवरचं नाव आणि आधारवरचं नाव जुळत नसेल, म्हणजे एकीकडे बाप्तिस्म्याचं पूर्ण नाव आणि दुसरीकडे घरचं, जे आपल्याकडे घरोघरी आहे, तर दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र तो माणूस हयात असतानाच करून त्या फाइलमध्ये लावा.